रिसेप्टर कापून मध्ये दुसरंच प्रोटीन घातलं, मग ती रचना खरी कशी मानायची?

पेशीपटल

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर घेतलाय, म्हणजे दम्याच्या पंपातलं सॅल्ब्युटॅमॉल फुप्फुसात जाऊन ज्याला चिकटतं तोच. त्याची २००७ सालची गाजलेली रचना, पीडीबीत (प्रोटीनच्या रचनांच्या जाहीर साठ्यात) २आरएच१ नावाने आहे ती, वर्गाला समजावून सांगायचीय. पेपर वाचायला घेतला आणि मेथड्सपाशीच अडकलेय.

मूळ रिसेप्टर ४१३ अमिनो ॲसिडचा. त्याची शेपटी ३६५ नंतर कापून टाकलीय. पाचव्या आणि सहाव्या हेलिक्सच्या (मेंब्रेनमधून आरपार जाणाऱ्या मळसूत्री सळयांच्या) मधे पेशीच्या आतल्या बाजूला जो तिसरा लूप असतो त्याचा बराचसा भाग काढून तिथे टी-४ लायसोझाइम बसवलंय, जे बॅक्टेरियावर जगणाऱ्या व्हायरसचं एन्झाइम आहे, माणसाशी काही संबंध नाही. त्यावर १८७ नंबरचं ॲस्परॅजिन बदलून ग्लुटामेट केलंय कारण मूळ जागी साखर चिकटते. आणि एवढं सगळं करून शेवटी म्हणायचं की ही माणसाच्या रिसेप्टरची रचना आहे.

मला खरंच समजून घ्यायचंय की हे कसं चालतं. तिसरा लूप जिथे आहे तिथेच तर जी-प्रोटीन (रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारं प्रोटीन) येऊन बसतं असं पुस्तकात आहे, मग नेमकी तीच जागा भरून टाकली तर काय पाहिलं आपण? २००० साली गायीच्या ऱ्होडॉप्सिनची रचना आली तेव्हा असलं काही करावं लागलं नव्हतं, थेट डोळ्यातलं प्रोटीन घेतलं होतं, मग इथे का नाही जमलं? सेमिनारमध्ये हा प्रश्न येणार हे नक्की आणि "क्रिस्टल मिळावेत म्हणून" (एक्स-रेने रचना काढायला प्रोटीनचे क्रिस्टल लागतात) एवढंच उत्तर मला द्यायचं नाहीये. शिवाय डिसर्टेशन पण याच विषयात करायची इच्छा आहे, ते शेवटी विचारते.

रात्रपाळी_लॅब

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, सेमिनारमध्ये नक्की मांड. मी युरोपात पोस्टडॉक करतो, हेच काम आहे रोजचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ऱ्होडॉप्सिनचं. जी-प्रोटीनमार्फत निरोप देणाऱ्या रिसेप्टरच्या (जीपीसीआर) या सगळ्या कुटुंबातलं ते सर्वात सोयीचं प्रोटीन आहे. डोळ्याच्या रॉड पेशींत ज्या चकत्या असतात त्यांच्या मेंब्रेनमधलं बहुतांश प्रोटीन ऱ्होडॉप्सिनच असतं, म्हणजे गायीचे डोळे आणले की मिलिग्रॅमने माल मिळतो. दुसरं म्हणजे त्याचा लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू), रेटिनल, २९६ नंबरच्या लायसिनला पक्का बांधलेला असतो आणि अंधारात तो रिसेप्टरला एका निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवतो, त्यामुळे अंधारात शुद्ध केलं की जवळपास सगळे रेणू एकाच आकाराचे. क्रिस्टलला हेच तर पाहिजे असतं.

बीटा-२ मध्ये यातलं काहीच नाही. शरीरात तो इतका थोडा असतो की कुठल्या अवयवातून गोळा करायचं म्हटलं तर शक्यच नाही, म्हणून एसएफ-९ या किड्याच्या पेशींत बॅक्युलोव्हायरसने बनवून घ्यावा लागतो. लिगँड नसताना सुद्धा तो थोडा थोडा चालू असतो, म्हणजे एकाच नळीत अनेक अवस्थांमधले रेणू. मेंब्रेनमधून डिटर्जंटमध्ये (साबणासारख्या द्रावणात) काढला की हळूहळू उलगडतो आणि गोळा होऊन खाली बसतो. आणि सगळ्यात मोठी अडचण जागेची. रिसेप्टरचा जो पट्टा मेंब्रेनमध्ये असतो तो सगळा डिटर्जंटने झाकलेला असतो, तिथून शेजारच्या रेणूशी नीट नियमित संपर्क होऊ शकत नाही, म्हणजे क्रिस्टल जोडायला उरतात फक्त वरचे-खालचे लूप, आणि त्यातला हा तिसरा लूप इतका हलतो की तो असून नसल्यासारखा. बरेचसे प्रोटीएझही पहिले तिथेच कापतात.

मग स्टॅनफर्डला ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने दोन वाटा एकाच वेळी धरल्या. एका वाटेत तिसऱ्या लूपच्या दोन्ही टोकांना पकडणारी एक अँटिबॉडी शोधून तिचा फॅब तुकडा (अँटिबॉडीचा पकडणारा भाग) लावला. दुसऱ्या वाटेत, स्क्रिप्सच्या रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटाबरोबर, तो हलता लूप काढून टी-४ लायसोझाइम बसवलं. लायसोझाइमच का, तर ते पाण्यात विरघळतं, घट्ट घडीचं आहे, त्याचे क्रिस्टल सहज होतात आणि मुख्य म्हणजे त्याची सुरुवात आणि शेवट ही दोन टोकं एकमेकांपासून साधारण १० अँगस्ट्रॉमवरच आहेत, त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या हेलिक्सना फारसं न ताणता मधे बसतं. ते रिसेप्टरच्या खाली लटकतं आणि क्रिस्टलमधले बरेचसे संपर्क तेच देतं. फॅबवाली रचना ३.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास थांबली, लायसोझाइमवाली २.४ पर्यंत गेली (आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट). एवढा फरक पडतो.

आता खरं कसं मानायचं. त्यांनी फ्यूजन करून नुसतं क्रिस्टलला नाही टाकलं, आधी तपासलं. अँटागोनिस्ट (रिसेप्टर अडवणारी औषधं) मूळ रिसेप्टरइतकेच घट्ट चिकटतात का? हो. ॲगोनिस्ट (चालू करणारी औषधं)? तेही चिकटतात, उलट दोन-तीन पट जास्त घट्ट. हे जास्त घट्ट चिकटणं लपवलं नाही, पेपरात छापलंय, आणि त्यावरून कळतं की लायसोझाइमने रिसेप्टरला किंचित सक्रिय बाजूला कललेलं ठेवलं असावं. जी-प्रोटीनला तो जोडला जात नाही हेही स्पष्ट लिहिलंय. शिवाय सहाव्या हेलिक्सच्या टोकाला एक चमकणारा रंग लावून पाहिलं की ॲगोनिस्ट टाकल्यावर ते टोक हलतं का, तर हलतं. म्हणजे औषधाची जागा शाबूत, औषध आल्यावर होणारी हालचाल शाबूत, फक्त जी-प्रोटीनशी बोलणं बंद. तू सेमिनारमध्ये हे तीन वेगवेगळे मुद्दे म्हणून सांग, कारण "खरी की खोटी" असं एकदम विचारलं की उत्तर देता येत नाही, "कुठल्या प्रश्नासाठी खरी" असं विचारलं की देता येतं.

आणखी एक गोष्ट जी पेपरात दोन ओळींत येते पण सगळं तिच्यावर उभं आहे. शुद्ध करताना त्यांनी अल्प्रेनॉलॉल लावलेला कॉलम वापरला. अल्प्रेनॉलॉल हे याच रिसेप्टरचं अँटागोनिस्ट. ज्या रेणूंचा खिसा (औषध बसायची जागा) नीट घडलेला आहे तेवढेच त्या कॉलमला धरतात, बिघडलेले वाहून जातात. म्हणजे क्रिस्टलमध्ये गेलेला प्रत्येक रेणू आधी औषध पकडून दाखवून आलेला आहे. मेंब्रेन प्रोटीनमध्ये जेलवर एक पट्टा दिसला की शुद्ध झालं असं मानतात पण त्या पट्ट्यात अर्धे रेणू मेलेले असू शकतात, जेलला ते कळत नाही.

क्रिस्टल ज्यात वाढले त्याबद्दलही सांगतो कारण हे बघितल्याशिवाय डोळ्यासमोर येत नाही. मोनोओलिन नावाचा लिपिड असतो, त्यात थोडं कोलेस्टेरॉल मिसळायचं, वितळवून एका काचेच्या सिरिंजमध्ये भरायचं, दुसऱ्या सिरिंजमध्ये प्रोटीन, साधारण तीन भाग लिपिड आणि दोन भाग प्रोटीन. दोन्ही सिरिंज मधल्या बारीक जोडणीने एकमेकांना लावायच्या आणि माल इकडून तिकडे ढकलत राहायचं. आधी पांढरं गढूळ असतं, ढकलता ढकलता एकदम काचेसारखं पारदर्शक होतं आणि टूथपेस्टइतकं घट्ट. ते झालं की लिपिडची सलग चादर तयार झाली, रिसेप्टर त्यात पुन्हा मेंब्रेनमध्ये असल्यासारखा बसतो. मग त्याचे नॅनोलिटरमधले ठिपके काचेच्या प्लेटवर सोडून वर द्रावण टाकून दुसऱ्या काचेने बंद करायचं. गढूळच राहिलं तर समजायचं की प्रमाण चुकलं किंवा डिटर्जंट जास्त झालाय. ही पद्धत १९९६ साली लँडाऊ आणि रोझेनबुश यांनी आणली, आणि २आरएच१ मध्ये कोलेस्टेरॉलचे रेणू सुद्धा दिसतात ते याच्यामुळेच.

पॉकेटशोध

वरचा प्रतिसाद उत्तमच आहे पण मी डॉकिंगच्या (कॉम्प्युटरवर रेणू खिशात बसवून बघण्याच्या) बाजूने थोडं सावधगिरीचं लिहितो, कारण आमच्याकडे नवीन आलेली मुलं २आरएच१ उतरवून घेतात आणि सरळ कामाला लागतात.

फाईल उघडून बघ, अमिनो ॲसिडचे नंबर २३० पर्यंत नीट जातात आणि मग एकदम १००२ ते ११६१ येतात, ते लायसोझाइम आहे, साखळी मात्र एकच ए. काढून टाकलं नाही तर प्रोग्रॅम तिथेही खिसे शोधतो. आणि काढल्यावर दोन टोकं उघडी राहतात ती नीट बंद करावी लागतात. फाईलच्या सुरुवातीला कुठलं अमिनो ॲसिड मूळपेक्षा वेगळं आहे याची यादी असते, ती वाचायची सवय लावून घे, कुठल्याही रिसेप्टरच्या रचनेत सगळ्यात आधी तीच वाचावी असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्दा. या रचनेत कॅराझोलॉल बसलंय, जे रिसेप्टरला शांत करणारं औषध आहे. म्हणजे खिसा शांत अवस्थेतला. २००९ साली याच रचनेवर सुमारे १० लाख रेणू डॉक करून बघितले, त्यातले निवडक २५ प्रत्यक्षात तपासले आणि ६ चिकटले, सगळ्यात चांगला ९ नॅनोमोलरचा. लूपमध्ये लायसोझाइम असलेल्या रचनेवरून नवीन रेणू सापडतात आणि ते टेस्ट ट्यूबमध्ये खऱ्या रिसेप्टरला चिकटतात, खिसा खरा असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. पण सापडलेले बहुतेक रेणू रिसेप्टर बंद करणारेच निघाले, सॅल्ब्युटॅमॉलसारखे चालू करणारे नाहीत. शांत खिशात शोधलं तर शांत करणारे मिळणार. त्यामुळे मी म्हणेन की इंजिनिअरिंगमुळे रचना खोटी होत नाही पण एका अवस्थेची होते, आणि वापरणाऱ्याला ते माहीत पाहिजे.

दुसरं, आतल्या बाजूचं मात्र मी डोळे झाकून मानत नाही. तिसऱ्या हेलिक्सवरचं १३१ नंबरचं आर्जिनिन आणि सहाव्यावरचं २६८ नंबरचं ग्लुटामेट यांच्यात एक मिठाचा बंध असतो, त्याला आयॉनिक लॉक म्हणतात, निष्क्रिय रिसेप्टरची ती खूण समजली जायची कारण ऱ्होडॉप्सिनमध्ये तो जुळलेला दिसतो. २आरएच१ मध्ये तो तुटलेला आहे. आता हा लायसोझाइमचा परिणाम की रिसेप्टरचा स्वभावच तसा, यावर बरीच वर्षं वाद झाला. मला वाटतं पेशीपटल, तुझ्या सेमिनारला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

सांगलीकर_ब

त्या वादाचं पुढे काय झालं ते लिहितो, कारण तिथेच दुसरी इंजिनिअरिंगची वाट येते जिच्यात बाहेरचं प्रोटीन घालतच नाहीत.

केंब्रिजला एमआरसीच्या लॅबमध्ये ख्रिस टेट आणि गेबहार्ड शेर्टलर यांच्या गटांनी टर्की पक्ष्याचा बीटा-१ रिसेप्टर घेतला. का तर तो मुळात जरा जास्त टिकाऊ. त्यांनी एकेक अमिनो ॲसिड बदलून ॲलॅनिन करत पूर्ण रिसेप्टर पालथा घातला, मूळ ॲलॅनिन असेल तिथे ल्युसिन, आणि प्रत्येक बदलानंतर बघितलं की गरम केल्यावर किती रिसेप्टर अजून औषध पकडू शकतो. ज्या बदलांनी फायदा झाला ते एकत्र केले, शेवटी ६ बदलांचा एक म्युटंट उरला, एम-२३ म्हणतात त्याला. त्याचा तग मूळपेक्षा २१ अंश सेल्सिअसने वाढला. एवढा वाढला की तो लहान डिटर्जंटमध्येही टिकला, जे सहसा रिसेप्टरला मारून टाकतात, आणि लहान डिटर्जंट म्हणजे प्रोटीनचा जास्त भाग उघडा. २००८ साली सायनोपिंडोलॉलबरोबर २.७ अँगस्ट्रॉमची रचना आली, कुठलंही फ्यूजन नाही. लूप आणि टोकं मात्र त्यांनीही छाटली होती, ते काही टळत नाही.

आणि त्यातही तो बंध तुटलेलाच निघाला! मग २०११ साली त्याच बीटा-१ च्या वेगवेगळ्या औषधांबरोबरच्या रचना आल्या त्यात काहींमध्ये तुटलेला, काहींमध्ये जुळलेला. मधे २००९ मध्ये डी. ई. शॉच्या गटाने बीटा-२ चं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं होतं, त्यातही लायसोझाइमशिवाय तो बंध जुळायचा आणि पुन्हा तुटायचा. म्हणजे रिसेप्टर स्वतःच दोन्हीत फिरतो आणि क्रिस्टलमध्ये त्यातलं एक पकडलं जातं. हे एका रचनेकडे टक लावून बसून कधीच कळलं नसतं, दोन वेगळ्या पद्धतीने इंजिनिअर केलेले रिसेप्टर शेजारी ठेवले म्हणून कळलं. म्हणून मला दोन्ही वाटांबद्दल खूप आदर आहे.

पण टिकाऊ करण्याचीही किंमत असते. एम-२३ शांत अवस्थेतच जास्त राहतो, कारण निवडताना नळीत अँटागोनिस्ट होतं, मग जे बदल त्या अवस्थेला घट्ट करतात तेच निवडले जाणार ना. ॲगोनिस्ट ठेवून निवडलं असतं तर वेगळेच ६ बदल मिळाले असते, ॲडेनोसिन ए-२ए रिसेप्टरवर तसं करूनही दाखवलंय. म्हणजे कुठलं औषध नळीत ठेवून चाळणी लावलीस त्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो.

ए-२ए वरून आठवलं. त्यात लायसोझाइमऐवजी ब्रिल नावाचं छोटं प्रोटीन बसवलं, सायटोक्रोम बी-५६२ चंच सुधारलेलं रूप, साधारण १०६ अमिनो ॲसिडचं, चार हेलिक्सचं. २०१२ मध्ये त्यातून १.८ अँगस्ट्रॉमची रचना मिळाली आणि रिसेप्टरच्या पोटात एक सोडियम आयन पाण्याच्या रेणूंसकट बसलेला दिसला. सोडियममुळे या रिसेप्टरना ॲगोनिस्ट कमी घट्ट चिकटतात हे १९७० च्या दशकापासून माहीत होतं, बसतो कुठे ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आणि गंमत बघा, ती जागा कळल्यावर आता लोक तिथेच बदल करून रिसेप्टर टिकाऊ करतात, सोडियमच्या जागी लायसिनचं धन टोक येईल असा. एका इंजिनिअर केलेल्या रचनेने पुढच्याची सोय केली.

झुरिचला प्लुकथुन यांच्या लॅबने तर न्यूरोटेन्सिन रिसेप्टर ई. कोलायमध्येच उत्क्रांत करून घेतला, लाखो म्युटंटमधून चमकणारा लिगँड जास्तीत जास्त पकडणाऱ्या पेशी वेचत, आणि २०१४ मध्ये त्यातून आलेल्या रचनेचा रिसेप्टर जी-प्रोटीनला सिग्नलही देऊ शकत होता. त्यामुळे इंजिनिअर केला की काम बंद पडतं असंही नाही.

पेशीपटल

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. आयॉनिक लॉकचं उदाहरण नक्की घेते. पण माझा जी-प्रोटीनचा प्रश्न अजून आहेच. लूपमध्ये लायसोझाइम असेल तर जी-प्रोटीन बसूच शकत नाही, आणि सॅल्ब्युटॅमॉल तर ते बसावं म्हणूनच घेतात, मग चालू झालेला रिसेप्टर कसा पाहिला?

रात्रपाळी_लॅब

लायसोझाइम हलवलं! २०११ ची रचना काढ, बीटा-२ आणि जी-एस प्रोटीन एकत्र, ३.२ अँगस्ट्रॉम. तिथे लायसोझाइम रिसेप्टरच्या सुरुवातीच्या टोकाला लावलंय, पेशीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतली बाजू जी-प्रोटीनसाठी मोकळी. सुरुवातीचं टोक तसंही लोंबतं असतं, ते काढलं. प्रश्न बदलला तशी फ्यूजनची जागा बदलली, तुझ्या मूळ शंकेचं उत्तर मला वाटतं यातच आहे.

बाकी त्या कामात जे जे केलं ते वाचताना अजूनही भारावून जायला होतं. ॲगोनिस्ट असा निवडला की एकदा बसला की सुटायला फार वेळ लागतो. जी-प्रोटीन रिसेप्टरला घट्ट तेव्हाच धरतं जेव्हा त्यातून जीडीपी (त्यात बसलेला न्यूक्लिओटाइड) निघून जातो, पण जीडीपी द्रावणात असेल तर पुन्हा आत शिरतो, म्हणून अपायरेझ एन्झाइम टाकून न्यूक्लिओटाइड संपवूनच टाकले. नेहमीचा डिटर्जंट डीडीएम, त्यात हे संकुल टिकेना, तर दोन शेपट्यांचा नवीन डिटर्जंट वापरला. क्रिस्टल वाढवायचा लिपिडही बदलला कारण मोनोओलिनच्या जाळ्यात एवढं मोठं संकुल मावत नव्हतं. आणि ब्रसेल्सच्या यान स्टेयार्ट यांच्याकडून लामा प्राण्याच्या अँटिबॉडीपासून काढलेली नॅनोबॉडी घेऊन जी-प्रोटीनचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवले. रचनेत दिसलं काय तर सहावी हेलिक्स आतल्या टोकाला तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेली आणि त्या पोकळीत जी-प्रोटीनची शेवटची हेलिक्स शिरलेली. पुढच्याच वर्षी, २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल कोबिल्का आणि त्यांचे गुरू लेफ्कोविट्झ यांना.

हिरवा_झोत

मी बंगळूरला पीएचडी करतेय, क्रायो-ईएम (गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघणं) वाली, म्हणून थोडं आजचं चित्र देते.

ताई, आता बहुतेक चालू अवस्थेतल्या रचना क्रिस्टल न करताच येतात, जी-प्रोटीनसकट थेट गोठवून. २०१७ मध्ये कॅल्सिटोनिन रिसेप्टर आणि जीएलपी-१ रिसेप्टर दोन्ही असे आले. जीएलपी-१ म्हणजे सेमाग्लुटाइड ज्याला चिकटतं तो. पण म्हणून इंजिनिअरिंग संपली असं मुळीच नाही, ती जी-प्रोटीनकडे सरकली. टेट यांच्या गटाने मिनी-जी नावाचं छाटलेलं, टिकाऊ केलेलं जी-प्रोटीन बनवलं. काही जण रिसेप्टरच्या शेपटीला आणि जी-प्रोटीनच्या एका भागाला ल्युसिफरेजचे दोन तुकडे लावतात, ते एकमेकांना धरतात म्हणून संकुल सुटत नाही. इथे पण तोच विचार करावा लागतो की बांधून ठेवलं म्हणून बसलंय की खरंच बसतं, म्हणून न बांधता पेशीत सिग्नल मोजून दाखवावं लागतं.

शांत अवस्थेचं मात्र क्रायो-ईएमला जड जातं. एकटा रिसेप्टर लहान, आणि बहुतेक सगळा डिटर्जंटच्या गोळ्यात बुडालेला, बाहेर काही डोकावतच नाही ज्यावरून कॉम्प्युटर ठरवेल की हा रेणू कुठल्या कोनात आहे. मग काय करतात, पुन्हा तिसऱ्या लूपमध्ये ब्रिल बसवतात आणि ब्रिलला पकडणारा फॅब लावतात. पण इथे एक मेख आहे. क्रिस्टलसाठी ब्रिल थोडं डुलत असलं तरी चालायचं, शेजारच्या रेणूने धरलं की झालं. क्रायो-ईएममध्ये ते डुललं तर फॅब इकडे तिकडे फिरणार आणि त्याच्यावरून रिसेप्टरचा कोन कळणारच नाही. म्हणून पाचवी हेलिक्स सलग ब्रिलच्या पहिल्या हेलिक्समध्ये आणि ब्रिलची शेवटची सलग सहावीत, अशी एकही वाकडी जागा न ठेवता जोडावी लागते. एक अमिनो ॲसिड कमी-जास्त झालं तरी हेलिक्स १०० अंशांनी फिरते आणि ब्रिल भलतीकडे तोंड करतं. आम्ही आता अल्फाफोल्डवर (रचनेचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅमवर) चार-पाच जोड करून बघतो, कुठला सरळ दिसतो, मगच जीन मागवतो.

आपल्याकडेही हे काम होतंय हे सेमिनारला जरूर सांगा, आयआयटी कानपूरला अरुण शुक्ला यांचा गट याच कुटुंबातल्या रिसेप्टरवर काम करतो, कॉम्प्लिमेंट सिस्टिमच्या रिसेप्टरच्या क्रायो-ईएम रचना त्यांनी २०२३ मध्ये दिल्या, आणि बंगळूरला एनसीबीएसमध्ये राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे.

पेशीपटल

हे वाचून आता डिसर्टेशन इथेच करायचं नक्की झालं. पण आमच्या कॉलेजात ना किड्याच्या पेशी ना क्रायो-ईएम. हेक पेशी (माणसाच्या किडनीपासूनच्या) वाढवतो आम्ही, ट्रान्सफेक्शन (पेशीत जीन घालणं) करतो, आणि केमिस्ट्रीकडे एक एचपीएलसी (मिश्रण कॉलममधून वेगळं करणारं मशीन) आहे ज्याला फ्लुओरेसन्स डिटेक्टर आहे. सहा महिने आहेत. यात काही अर्थपूर्ण होईल का? ई. कोलायमध्ये करावं का असं पण वाटलं, वर झुरिचचं लिहिलंय म्हणून.

सांगलीकर_ब

ई. कोलायच्या नादी लागू नकोस. तो रिसेप्टर उत्क्रांत करून तिथे रुळवला होता, साधा बीटा-२ टाकलास तर सहा महिने गोळे बघण्यात जातील.

हिरवा_झोत

फ्लुओरेसन्स डिटेक्टर असलेलं एचपीएलसी आहे म्हणजे निम्मं काम झालं, मनापासून सांगते. रिसेप्टरच्या शेवटी जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावायचं, हेक पेशीत बनवायचं, पेशी डिटर्जंटमध्ये विरघळवून काहीही शुद्ध न करता सरळ साइझ कॉलमवर (आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या) सोडायचं. बाकी हजार प्रोटीन असली तरी डिटेक्टरला फक्त जीएफपी दिसतं. २००६ साली कवाते आणि गुओ यांनी ही पद्धत आणली आणि आजही प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये पहिली चाळणी हीच असते. सहा खाचांच्या प्लेटमधल्या एका खाचेतल्या पेशी पुरतात.

कन्स्ट्रक्ट (रिसेप्टरची बनवायची रूपं) पाचच घ्या. पूर्ण बीटा-२, ३६५ ला कापलेला, १८७ बदललेला, लूपमध्ये ब्रिल असलेला, आणि १२२ नंबरचं ग्लुटामेट बदलून ट्रिप्टोफॅन केलेला. हा शेवटचा बदल २००८ मधला आहे, त्याने रिसेप्टर जास्त बनतो आणि जास्त टिकतो हे छापून आलंय, म्हणजे तुमचा प्रयोग नीट चाललाय की नाही हे त्यावरूनच कळेल. जीपीसीआरडीबी या साइटवर कुठल्या रचनेत कुणी काय कापलं, काय बदललं, काय घातलं याची माहिती आहे, जोड कुठे ठेवायचे ते तिथून ठरवा.

मग प्रत्येकाचा नमुना वेगवेगळ्या तापमानाला १० मिनिटं ठेवून फिरवून कॉलमवर सोडा आणि शिखर किती उरतं ते मोजा. एकदा औषधाशिवाय, एकदा प्रोप्रॅनोलॉल घालून, ते सहज विकत मिळतं. औषध घातल्यावर जास्त तापमानापर्यंत शिखर टिकलं तर खिसा जिवंत आहे, वर अल्प्रेनॉलॉलच्या कॉलमबद्दल लिहिलंय तोच तपास तुम्हाला रेडिओॲक्टिव्ह काही न वापरता मिळतो. नुसतं सुंदर एकच शिखर आलं पण औषधाने काहीच फरक पडला नाही तर तो कन्स्ट्रक्ट कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

शिखर कसं वाचायचं तेही सांगते. अगदी सुरुवातीला येतं ते गोळा झालेलं. मधे उंच, अरुंद, दोन्ही बाजूंनी सारखं आलं तर उत्तम. मधलंच पण उजवीकडे ओघळलेलं असेल तर कॉलमला चिकटतंय किंवा उलगडायला लागलंय. शेवटी उशिरा येतं ते सुटलेलं जीएफपी, ते किती आहे त्यावरून रिसेप्टर पेशीतच किती कापला जातोय ते कळतं. ट्रान्सफेक्शन न केलेल्या पेशी आणि नुसतं जीएफपी हे दोन नमुने दर वेळी सोबत चालवा. डीडीएममध्ये कोलेस्टेरॉल हेमिसक्सिनेट जरूर घाला, त्याच्याशिवाय हा रिसेप्टर फार लवकर मरतो. सगळं ४ अंशांवर, आणि कॉलमवर सोडण्याआधी जमेल तेवढ्या जास्त वेगाने फिरवून वरचंच घ्या, नाहीतर केमिस्ट्रीवाल्यांचा कॉलम तुंबेल आणि पुन्हा वापरायला मिळणार नाही.

पेशीपटल

जीपीसीआरडीबी उघडून बसलेय. ब्रिलचे जोड ठरले की अल्फाफोल्डची चित्रं इथेच टाकते, कुठला सरळ आहे ते बघाल का?

रात्रपाळी_लॅब

टाक नक्की. चित्र दोन बाजूंनी काढ, एक समोरून आणि एक ९० अंश फिरवून, एकाच बाजूने सगळेच सरळ दिसतात. आणि जोडाच्या आसपासच्या अमिनो ॲसिडचा खात्रीचा आकडा पण लिही, ७० च्या खाली असेल तर तो जोड सोडून दे.